कोर्टाची फाईल की घराचा उंबरा: बेळगावात राहून कुटुंबावर संशोधन करायचं असेल तर

वडील जाऊन वर्ष सरलं की खानापूर-बेळगावकडच्या कितीतरी घरांत लेकींना माहेराहून फोन येतो, ‘अक्का, सोमवारी सहीला ये.’ बहिणी एका गाडीतून सब-रजिस्ट्रार ऑफिसात जातात. फोटो निघतो, अंगठा उमटतो, वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावांच्या नावे सुटतो. आपण त्याला हक्कसोडपत्र म्हणतो, ऑफिसातल्या कागदावर ‘हक्कु बिडुगडे पत्र’ असतं. दुपारी माहेरी जेवण होतं, साडी मिळते आणि संध्याकाळी बहिणी आपापल्या घरी परततात.

‘लग्न, नाती, वारसा यांवर पीएच.डी. करायची आहे, कायद्यातून करू की समाजशास्त्रातून?’ असं मुलं-मुली विचारतात, तेव्हा मी त्यांना हा एक दिवस डोळ्यांपुढे आणायला सांगते. कायद्याचा अभ्यासक त्या दिवसातला कागद वाचतो. समाजशास्त्राचा अभ्यासक गाडीतलं बोलणं, जेवणाची पंगत आणि साडी बघतो. तुम्हाला यातलं काय सोडवत नाही, ते आधी ओळखा.

कायद्याच्या वाटेचं मोठं बळ म्हणजे तिथे पायाखाली पक्की जमीन असते. हाच लेकींच्या वाट्याचा विषय घ्या. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला, कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून. त्या तारखेआधी लग्न झालेल्या लेकी दोन्हीकडे बाहेर राहिल्या. मध्ये अडतीस दिवस आहेत. ज्या घराची वडिलार्जित जमीन थोडी महाराष्ट्रातल्या चंदगडात, थोडी कर्नाटकातल्या बेळगाव तालुक्यात आहे, त्या घरातल्या एका लेकीचं लग्न नेमकं या अडतीस दिवसांत झालं असेल तर? पुढे ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाच्या तारखेची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर झालेल्या वाटण्या उकरता येणार नाहीत. तीन कायदे, एक निकाल, पाच तारखा, आणि प्रत्येक तारखेच्या अलीकडे-पलीकडे राहिलेल्या बायका. वाचनाची बैठक असेल तर यातच प्रबंध उभा राहतो.

बेळगावाला इतिहासानेही एक वेगळी सोय करून ठेवली आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे द्विभार्या प्रतिबंधाचा १९४६ चा आणि हिंदू घटस्फोटाचा १९४७ चा मुंबई कायदा इथे लागू होता. म्हणजे देशभरासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा येण्याआधीच इथल्या हिंदू बाईला कोर्टातून फारकत मागता येत होती. जुन्या म्हैसूर संस्थानच्या भागाशी ही तुलना करून बघावी, असं मला फार वाटतं.

आता या वाटेची मर्यादा. वैवाहिक खटल्यांची सुनावणी बंद दाराआड चालते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार त्यातला मजकूर छापता येत नाही, अपवाद फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या, परवानगी घेऊन छापलेल्या निकालांचा. म्हणजे बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयातल्या फायली चाळून प्रबंध लिहू, या हिशेबाने विषय नोंदवलात तर पहिल्याच वर्षी अडाल. तुमच्या हाती राहतात ते वरच्या कोर्टांचे निकाल, आणि तिथवर पोचते कोण? ज्या बहिणीने दावा लावला ती. ‘सहीला ये’ म्हटल्यावर गेलेली बहीण निकालपत्रात कुठेच सापडत नाही, आणि गावात तर तीच जास्त दिसते.

ती सापडते घराच्या उंबऱ्यावर. माझं स्वतःचं काम याच वाटेवर झालं, म्हणून माझा कल कुठे आहे हे लपवत नाही. पहिले काही महिने मी बायकांना ‘तुम्ही हक्क का सोडलात?’ असं विचारत होते, आणि एकच उत्तर यायचं, ‘आमच्यात तसंच असतंय.’ एका घरात प्रश्नावली बाजूला ठेवून शेंगा सोलायला बसले, तेव्हा बोलणं सुटलं. वाटा मागितला तर माहेर तुटतं. नवऱ्याने हात उगारला तर रात्री जायला जे एक दार आहे, ते जमिनीच्या बदल्यात उघडं ठेवायचं. बाळंतपण, भाऊबीज, मुलीच्या लग्नात मामाचा आहेर, हे सगळं त्या एका सहीवर उभं आहे. कायद्याच्या भाषेत ते ‘स्वेच्छेने’ केलेलं. तो शब्द किती खरा आणि किती खोटा, हे चुलीपाशी बसल्याखेरीज कळत नाही.

पण ही वाट वेळ खाते. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, त्यातलं एक वर्ष नुसती ओळख होण्यात जातं. शिवाय लोकांनी विश्वासाने सांगितलेलं पुढे कुठे जाईल, याची जबाबदारी तुमची. एका बाईने मला सगळं सांगितलं आणि आठवड्याने निरोप पाठवला, ‘माझं लिहू नका.’ मी नाही लिहिलं. प्रबंधातली ती सर्वांत भक्कम मुलाखत ठरली असती. हे झेपणार असेल तरच या वाटेला या.

काही विषयांत दोन्ही वाटा एकमेकींवाचून लंगड्या पडतात. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या मराठी घरांत चालतं, शेजारच्या कन्नड घरांत मामा आणि सख्खी भाचीही चालते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या रीतींमधला संधिप्रदेश असल्याचं मांडलं. त्या मांडणीची सीमारेषा बेळगावच्या गल्लीगल्लीतून जाते. कायद्याने ही दोन्ही नाती निषिद्धच, पण दोन्ही पक्षांची रूढी परवानगी देत असेल तर लग्न वैध. ती रूढी दीर्घकाळ, सातत्याने पाळली गेल्याचं दाखवावं लागतं. आणि ते सांगणार कोण? गावातली म्हातारी माणसंच. काडीमोडीचंही तसंच, रूढीने मिळणारी फारकत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने राखून ठेवली आहे, पण तिचा पुरावा जातपंचायतीच्या आणि भाऊकीच्या आठवणीत.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराभोवती काम करायचं म्हणाल तर मात्र मी स्पष्टच सांगेन, फक्त कायद्याची वाट घेऊ नका. मुंबईचा १९३४ चा आणि कर्नाटकाचा १९८२ चा, दोन्ही कायद्यांनी मुलगी देवीला सोडणं हा गुन्हा ठरवला, आणि ते योग्यच झालं. पण मुलगा नसलेल्या घरात लेक यल्लम्माला वाहून तिलाच घर चालवायला ठेवायची रीत होती. तिची मुलं, तिची आई, तिच्या नावावरचा जमिनीचा तुकडा हे कुटुंब आहे की नाही, याचं उत्तर गुन्ह्याची कलमं देत नाहीत. जोगतीणीच्या घरी जाऊन बसावंच लागतं, आणि बसताना तिचा मान ठेवावा लागतो.

उलट बालविवाहाचा विषय असेल तर मी कायद्याकडे ढकलेन. २००६ चा केंद्रीय कायदा बालविवाहाला साधारणपणे रद्द करता येण्याजोगा मानतो. लहानपणी लग्न झालेल्याने सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टात जायचं. कर्नाटकाने आपल्या दुरुस्तीने असं लग्न मुळातच शून्य ठरवलं, महाराष्ट्रात केंद्राचाच नियम आहे. आता खानापूरची मुलगी आणि चंदगडचा मुलगा. मांडव कुठल्या बाजूला पडला त्यावर तिचं लग्न ‘झालं’ की ‘झालंच नाही’ हे ठरणार का? हा प्रश्न सीमाभागातल्या अभ्यासकाने नाही घेतला तर कोण घेणार?

भाषेचं आधीच बघून घ्या. खालच्या कोर्टातले आणि तहसीलमधले कागद कन्नडमध्ये, उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत, बायकांचं बोलणं बेळगावी मराठीत, आणि एखाद्या घरी जुन्या पेटीतून मोडी निघते. कन्नड फक्त बोलता येतं, वाचता येत नाही, अशी आपल्या मुलांची गत असते. जमिनीचा उतारा वाचण्याइतकं कन्नड सहा महिन्यांत येतं, त्याला पर्याय नाही. समाजशास्त्राच्या वाटेवर मात्र आपलं मराठी हेच भांडवल.

पैशाच्या बाजूने फारसा फरक नाही. नेट ही पात्रता परीक्षा दोन्ही विषयांत आहे, तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. कायद्यासाठी हुबळीचं राज्य कायदा विद्यापीठ, समाजशास्त्रासाठी बेळगावचं राणी चन्नम्मा, धारवाड किंवा कोल्हापूर, सगळी एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यातली. दोन्ही राज्यांचे निकाल ताडून बघायचे असतील तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ होतंच, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. नोकरीचा विचार असेल तर कायद्याची पदवी जास्त दारं उघडते. प्राध्यापकी नाही मिळाली तरी काळा कोट अंगावर चढवता येतो.

अजून ठरत नसेल तर विषय नोंदवायच्या आधी दोन आठवडे काढा. पहिल्या आठवड्यात विनीता शर्माचा निकाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, पेन्सिल घेऊन. दुसऱ्या आठवड्यात तुमच्याच घरातल्या आत्याकडे जा, आणि तिने सही केली तो दिवस कसा गेला ते विचारा. वही बाहेर काढू नका.