सर्व्हिसिंग करून आणलेला रेग्युलेटर चौथ्या डाइव्हला फुसफुसला

स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारा सेट, घेऊन 26 महिने झाले, 47 डाइव्ह झाल्या. श्वास आजही पहिल्या दिवसाइतकाच हलका येतो, त्याबद्दल काडीची तक्रार नाही. लिहायला बसलेय ती सर्व्हिसिंगच्या खर्चामुळे.

पुस्तिकेत स्पष्ट छापलंय: दर वर्षी तपासणी, पूर्ण सर्व्हिसिंग 2 वर्षांनी किंवा 100 डाइव्हनंतर, जे आधी होईल ते. वर्षभराने, 21 डाइव्हनंतर, मी तपासणीसाठी दिला. परत आला तो सगळा उघडून, नव्या सीट (हवा अडवणाऱ्या गाद्या) आणि ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) घालून. मला विचारलंसुद्धा नाही. पार्ट्स मोफत योजनेतले, पण मजुरी फर्स्ट स्टेजची (सिलिंडरवर बसणारा भाग) वेगळी, सेकंड स्टेजची (तोंडात धरायचा भाग) वेगळी, ऑक्टोपसची (जोडीचा राखीव सेकंड स्टेज) वेगळी. शिवाय योजना टिकवायची तर एकही वर्ष चुकवायचं नाही. कागदावर हिशेब मांडला: पार्ट्स विकत घेऊन 2 वर्षांनी एकदा मजुरी भरणं मला स्वस्त पडतं.

त्यात चौथ्या डाइव्हनंतर बोटीवर सेकंड स्टेजमधून बारीक फुसफुस सुरू झाली. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, परत उघडावा लागेल, मजुरी पडेल." तिथे आमचं चांगलंच वाजलं.

त्या रागातच इंटरमीजिएट प्रेशरचा, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणाऱ्या हवेच्या दाबाचा, गेज घेतला. बीसीडीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला सरळ बसतो. सिलिंडर उघडला, काटा 9.5 बारवर आला आणि दहा मिनिटं तिथेच राहिला. फर्स्ट स्टेजची सीट गळत असती तर काटा हळूहळू वर चढत गेला असता. म्हणजे दोष सेकंड स्टेजचा. तिथली नवी रबरी सीट धातूच्या कडेवर दबून बसते, तिच्यावर गोल वळ उमटतो आणि सर्व्हिसिंगच्या दिवशी केलेलं ॲडजस्टमेंट किंचित ढिलं पडतं. दुसऱ्या एका तंत्रज्ञाने न उघडता, जरासं फिरवून आवाज बंद केला.

इथपर्यंत माझं मत ठाम होतं: सर्व्हिसिंग म्हणजे लूट. मग 24 महिन्यांचं सर्व्हिसिंग याच तंत्रज्ञाकडे, शेजारी बसून करून घेतलं. त्याने फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असतो तो फिल्टर काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. करड्या चकतीच्या एका कडेला हिरवट डाग. स्टीलच्या सिलिंडरचा गंज तांबूस दिसतो. हिरवा म्हणजे पाणी आत गेलंय. गेलं कुठून? डस्ट कॅपमधून, म्हणजे फर्स्ट स्टेजचं तोंड झाकायच्या टोपणातून. कॅप आतून पुसायची हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी ओलीच दाबून बसवत होते. 47 डाइव्हच्या आतच हे झालं, आणि गेजवर यातलं काही दिसलं नव्हतं. तेव्हा 2 वर्षांचं सर्व्हिसिंग मी आता टाळणार नाही. ॲटॉमिक ॲक्वाटिक्स ही रेग्युलेटर बनवणारी कंपनी 2 वर्षं किंवा 300 डाइव्ह सांगते, पण वर्षाला विसेक डाइव्ह करणाऱ्याला 100 काय नि 300 काय, आकडा लागूच होत नाही. लागू होतं ते कॅलेंडर.

मोफत पार्ट्सची योजना मात्र सोडली. आता प्रत्येक सफरीआधी गेज लावते, आकडा लॉगबुकात लिहिते. कॅप फडक्याने आतून कोरडी करते, मगच बसवते, आणि बादलीत धुताना पर्ज बटणाला (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) हात लावत नाही, नाहीतर पाणी होजमध्ये शिरतं. तपासणीला देताना पावतीवरच लिहून घेते: उघडण्याआधी फोन करा, काढलेले पार्ट्स परत द्या. कालचं रीडिंग 9.5, दहा मिनिटांनीही 9.5.