काळी पायमशीन आणि घरच्या टोट बॅगा, दीड वर्ष वापरून मग लिहितेय

घरी टोट बॅग, म्हणजे हातात धरायच्या दोन बंदांची साधी कापडी पिशवी, शिवायला कुठली मशीन घेऊ हे बऱ्याच जणींनी विचारलं, प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढते. माझ्याकडे आहे ती जुनी काळी पायमशीन, तीच जी आपल्या आईकडे नाहीतर मावशीकडे असायची, अंगावर सोनेरी नक्षी, खाली बिडाचं स्टँड, बाजूला मोठं चाक आणि चामड्याचा पट्टा. पुण्यात रविवार पेठेतल्या एका रिपेअरवाल्या काकांकडून सेकंडहँड घेतली, स्टँडसकट साडेचार हजार पडले, टेम्पोचे वेगळे. हेड, म्हणजे स्टँडवरची मूळ मशीन, लुधियानाचं आहे. कंपनी कुठली हे मुद्दाम लिहीत नाहीये कारण त्याने फारसा फरक पडत नाही, ह्या काळ्या मशिनी बहुतेक सगळ्या एकाच जुन्या डिझाइनवर बनलेल्या असतात, म्हणून बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ), ती बसते ती बॉबिन केस, सुया, फूट (कापड दाबून धरणारा पाय) असलं सगळं कुठल्याही पेठेत मिळतं आणि एकीचं दुसरीला बसतं. माझी बॉबिन केस एकदा फरशीवर पडून चेपली, दुसऱ्या दिवशी नवीन आणून लावली, काम चालू.

ही घ्यायच्या आधी मी ऑनलाइन एक छोटीशी प्लॅस्टिकची मशीन मागवली होती, ॲडॉप्टरवर चालणारी, दोन हजाराच्या आतली. फोटोत फार गोड दिसते. पातळ सुती कापडावर दोन पदरी टीप बरी यायची, उशीच्या खोळी, रुमाल, बाळाची लाळेरी वगैरे होऊन गेली त्यावर, तेवढं श्रेय तिला देते. पण पिशवी शिवायला घेतली आणि बंदाच्या जोडापाशी ती थांबलीच, मोटर नुसती गुणगुणतेय, सुई अर्ध्यात अडकलेली, जोर दिला तर सुई वाकली. तीनदा तेच. मला फार वाईट वाटलं कारण ती पिशवी आईच्या जुन्या पडद्याच्या कापडाची होती आणि त्या जागी कापडाला भोकं पडली.

आता ते का झालं हे समजून घ्या म्हणजे मशीन घेताना काय बघायचं ते कळेल. पिशवीची खरी परीक्षा बंद जोडतो तिथेच होते, बाकी सगळी शिवण सोपी आहे. बंदासाठी चार इंची पट्टी चौपदरी दुमडली की इंचभर रुंदीचा बंद होतो, म्हणजे तिथेच चार थर. पिशवीच्या तोंडाची दुमड म्हणजे तीन थर. बंदाचं टोक दुमडीच्या आत खोचून मग बंद वर उलटवतो, म्हणजे त्याचे अजून चार. झाले अकरा थर! एकाच जागी, आणि तिथे चौकोन मारून आत फुली मारायची असते कारण सगळं वजन त्यावर येतं. काळी मशीन ह्या अकरा थरांतून जाते. भराभर नाही जात, तिथे पायडलवरून पाय काढायचा आणि उजव्या हाताने वरचं चाक सावकाश फिरवत एकेक टाका घ्यायचा, पण जाते, आणि टाका सुटत नाही. माझ्या मते घरी पिशव्या शिवणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट बाकी पन्नास डिझाइनर टाक्यांपेक्षा जास्त कामाची आहे.

सुई मात्र बदला. मशीनबरोबर बहुतेक १४ नंबरची लावून देतात, ती ब्लाउज-कुर्त्याला ठीक, पिशवीला १६ नंबर घ्या, जीन्सचे जाड जोड असतील तर १८ सुद्धा लागते. आणि सुईची एक बाजू चपटी असते ती बरोबर दिशेला बसली पाहिजे, उलटी बसली की टाके सुटतात आणि आपण उगीच टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू फिरवत बसतो. घेतानाच काकांकडून एकदा बघून ठेवा आणि फोटो काढा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर दोष खालचा वाटतो, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, दोरा सगळा काढून फूट वर उचलून परत ओवायचा, निम्म्याहून जास्त वेळा तिथेच सुटतं.

कापडाचं म्हणाल तर सुरुवातीला कॅनव्हासच्या मागे लागू नका, मांजरपाट घ्या. कोरं, पिवळसर, जाडंभरडं, टिकाऊ. पुण्यात बोहरी आळीच्या आसपास फिरलात तर कापड, दोरे, झिपा, बक्कल, नायलॉनच्या पट्ट्या सगळं एका चकरेत होतं, फक्त रविवारच्या गर्दीत जाऊ नका आणि गाडी घेऊन तर अजिबातच नको. मुंबईवाल्यांना मंगलदास मार्केट आहेच. मांजरपाट आणला की आधी गरम पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा. कोरं कापड आटतं, न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात पिशवी आखडते आणि शिवणीजवळ चुण्या येतात, माझ्या पहिल्या चार पिशव्या अशाच झाल्या होत्या.

माप सांगते, हे मी बऱ्याच पिशव्या करून पक्कं केलंय. छत्तीस इंची पन्ह्याच्या सव्वा मीटर कापडात दोन पिशव्या बंदांसकट बसतात. एका पिशवीला पंधरा इंच रुंद आणि पस्तीस इंच लांब असा एकच अखंड तुकडा, तळाला जोड नाही नुसती घडी, म्हणून तळ उसवायचा प्रश्नच नाही. असे दोन तुकडे शेजारी शेजारी कापले की बाजूला एक उभी पट्टी उरते आणि खाली बारा-चौदा इंच आडवं कापड, त्यातून चार इंच रुंद चोवीस इंच लांब अशा चार पट्ट्या निघतात, धुऊन कापड थोडं आटलं तरी निघतात. तयार पिशवी चौदा बाय सोळा. तळाचे कोपरे त्रिकोणासारखे ओढून टोकापासून दोन इंचावर आडवी टीप मारली की चार इंच सपाट तळ मिळतो, उंची दोन इंच कमी होते पण डबा आत उभा राहतो. मी ऑफिसच्या पिशवीला करते, भाजीच्या पिशवीला नाही, कारण भाजीच्या पिशवीच्या कोपऱ्यात माती आणि कोथिंबिरीची पानं अडकतात.

आता ह्या मशीनमध्ये काय नाही तेही सांगते. झिगझॅग नाही, ओव्हरलॉक नाही, फक्त सरळ टीप. म्हणजे आतल्या कडांचे दोरे निघत राहणार. त्यावर उपाय आहे आणि मला तर तो ओव्हरलॉकपेक्षा जास्त आवडतो. कापड आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचाहून कमी अंतरावर शिवायचं, दोरे कातरून पिशवी उलटवायची आणि परत पाव इंचावर टीप मारायची, कच्ची कड पूर्ण आत बंद होते. पिशवी आतूनही देखणी दिसते आणि शिवण दुहेरी होते. माझ्या मशीनला रिव्हर्स, म्हणजे उलट दिशेने टीप मारायची सोय, पण नाही, काही नवीन काळ्या मशिनींना असतो. टिपेच्या शेवटी सुई खाली ठेवून कापड फिरवायचं आणि त्याच टिपेवरून चार टाके परत यायचं, सवयीचं काम आहे.

पायडल शिकायला मला आठवडा गेला. वरचं चाक आपल्याकडे फिरलं पाहिजे, उलटं फिरलं की दोरा तुटतो किंवा गुंततो. क्लासमध्ये शिकवतात तसं आधी दोरा न ओवता वहीच्या रेघांच्या कागदावर चालवा, रेघेवर भोकं सरळ यायला लागली की कापड घ्या. कागदावर सुई बोथट होते म्हणून नंतर सुई बदलायची. पट्टा महिन्या-दोन महिन्यांनी सैल पडतो, अर्धा इंच कापून तारेची कडी परत लावायची. तेल मशीनचंच घाला, घरातलं खोबरेल घालू नका, ते आत चिकटून बसतं आणि मशीन जड चालते. हीच मशीन माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या घरी कोणीतरी तेच केलेलं होतं, काकांनी रॉकेलने धुवून काढली. आणि तेल घातल्यावर पहिली पाच मिनिटं चिंधीवर चालवा, नाहीतर पांढऱ्या मांजरपाटावर काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

जागा लागते हे खरं. एकदा ठेवली की हलवणं नको वाटतं, बीड आहे शेवटी. खालच्या मजल्यावर धडधड जाणवते, म्हणून मी स्टँडच्या पायांखाली जुन्या सतरंजीच्या घड्या घातल्यात आणि रात्री नऊनंतर चालवत नाही. घरात लहान मूल असेल तर चाकाला आणि पट्ट्याला जाळीचं कव्हर लावून घ्याच, बोट जायला वेळ लागत नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर छोटी मोटर बसवता येते, माझ्या आत्याने तिच्या मशीनला बसवून घेतलीये आणि ती खूश आहे, मी अजून पायावरच आहे कारण अकरा थरांच्या जागी मला हळू जायचं असतं आणि पायावर तो ताबा जास्त चांगला येतो.

टोट बॅगशिवाय काय काय झालं ते पण सांगते. जुन्या जीन्सच्या एका पायाची पाण्याच्या बाटलीची पिशवी होते, खालचा भाग शिवायचा, वर नाडी, अर्ध्या तासाचं काम. मुलांच्या बुटांची पिशवी, डब्याची पिशवी, चार्जर ठेवायचं पाऊच. पाऊचला झिप लावताना फूट झिपेवर चढतो, त्यासाठी एकाच बाजूचा, अर्ध्या रुंदीचा दाबायचा फूट मिळतो तो पन्नास-साठ रुपयांत घ्या आणि फरक बघा. खणाचं कापड वापरायचं असेल तर त्याला आतून अस्तर लावाच, खण पातळ असतो आणि त्याचे दोरे भयंकर निघतात, मी पूर्ण पिशवी खणाची करत नाही, मांजरपाटाच्या पिशवीला बाहेरून खणाचा खिसा लावते, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा मोरपंखी खण पांढऱ्यावर इतका सुंदर दिसतो की काय सांगू. जुन्या इरकलचे काठ पण असेच, तोंडाच्या दुमडीवर लावायचे, उरेप (तिरक्या कापलेल्या) पट्टीचं काम वाचतं.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला मी प्लॅस्टिकचे डबे न आणता वाण म्हणून ह्याच पिशव्या दिल्या. तीस शिवल्या, डिसेंबरभर थोड्या थोड्या. आपल्याकडे २३ मार्च २०१८ पासून राज्याची प्लॅस्टिकबंदी आहे, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लॅस्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, तरी मंडईत पातळ पिशव्या दिसतातच कारण हातात दुसरी पिशवी नसते, हे माझं स्वतःचं पण झालेलं आहे. पण एक गोष्ट मनापासून सांगते, नवीन कापड आणून ढीगभर पिशव्या शिवू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, त्यात नुसत्या हवामानाचा विचार केला तरी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरली तर ती साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, आणि पाणी, शेती वगैरे सगळं धरलं तर आकडा हजारांत जातो. त्यांचा हिशोब त्यांच्याकडच्या पिशव्यांचा आहे, पण कापूस पिकवायला पाणी लागतं हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून वाणाच्या तीसपैकी वीस पिशव्या मी जुने पडदे, सासूबाईंच्या सुती साड्या दुपदरी करून आणि बेडशीटच्या न विरलेल्या कडांच्या केल्या, फक्त दहा मांजरपाटाच्या. जुनी साडी घेताना मधला भाग उजेडात धरून बघायचा, विरलेला असेल तर सोडून द्यायचा, पदराकडचं कापड बहुतेक चांगलं असतं.

वजन किती पेलतात ते पण विचारलं होतं दोघींनी. मांजरपाटाच्या पिशवीत मी पाच किलो तांदूळ आणि वर दोन नारळ असं कितीतरी वेळा आणलंय, तीन मजले चढून, बंद जसेच्या तसे आहेत. साडीच्या दुपदरी पिशवीत मी तीन किलोच्या वर नाही घालत, आणि तिला बंद साडीचे न लावता मांजरपाटाचे लावते.

मार्क द्यायचे तर पिशव्या आणि घरातल्या साध्या शिवणासाठी पाचपैकी साडेचार, ब्लाउजवर नक्षीकाम वगैरे करायचं असेल तर ही तुमची मशीन नाही. सेकंडहँड घ्यायला जाताना घरून जीन्सचा जाड तुकडा घेऊन जा, चौपदरी करा, तो परत दुमडून आठ पदर करा, आणि दुकानातच त्यावर टीप मारून बघा, चाक हाताने फिरवून सुद्धा. टीप वरून खालून सारखी आली आणि मशीन खडखडली नाही तर घेऊन टाका. माझ्या वेळी काकांनी स्वतःच चपलेच्या पट्ट्याचा तुकडा पुढे केला होता, म्हणाले ह्यावर मार, आणि मशीन गेली त्यातून.