किलोमीटरवर विमा घेतला, पैसे वाचले ते दुसरीकडेच

नव्या गाडीच्या विम्याचा खरा झटका बसतो चौथ्या वर्षी. सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो आणि ते पैसे 'ऑन रोड' किमतीत कधी जातात ते कळतही नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आपण भरतो तो फक्त आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडीचा हप्ता. चौथ्या वर्षी थर्ड पार्टी पुन्हा बिलात येतो. आमची गाडी ऑक्टोबर २०२१ ची. साधारण १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, पुणे पासिंग. २०२४ च्या ऑक्टोबरात शोरूमकडून रिन्यूअलचं कोटेशन आलं जवळपास १२ हजारांचं. आदल्या वर्षी ते नऊच्या आत होतं. गाडी जुनी झाली आणि बिल मात्र वाढलं!

ऑफिसला मी दुचाकीनेच जाते. गाडी निघते ती शनिवार-रविवारी, सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायला आणि सुट्टीत गावी. मग रोज हिंजवडी गाठणाऱ्या माणसाइतकाच हप्ता मी का भरायचा? या प्रश्नाचं उत्तर म्हणून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जुलै २०२२ मध्ये 'पे अॅज यू ड्राइव्ह' प्रकाराला परवानगी दिली. जितके किलोमीटर, तितका हप्ता. त्यातली वर्षाला ७,५०० किलोमीटरची पॉलिसी मी घेतली. ती आता संपत आलीय, म्हणून हा अनुभव. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला मिळालेल्या दोन-तीन कोटेशनांत या योजनेच्या अटी थोड्याफार फरकाने सारख्याच होत्या.

घेताना त्रास काहीच झाला नाही. मीटरचा फोटो आणि गाडीभोवती फिरून काढलेला एक व्हिडिओ अॅपवर टाकला, झालं. काही कंपन्या मोबाइलमधून किंवा गाडीत बसवलेल्या यंत्रातून तुमचं चालवणंही मोजतात, करकचून ब्रेक किती वेळा मारले वगैरे. पुण्याच्या रहदारीत ती परीक्षा द्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून नुसत्या मीटरवाली योजना निवडली.

आता पैशांचं. 'कमी चालवा, भरपूर वाचवा' ही जाहिरात खोटी नाही, पण ती अख्ख्या बिलाबद्दल बोलत नाही. सवलत मिळते फक्त ओडीवर. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांत एकच. जून २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर थेट ७,८९७. इलेक्ट्रिक गाडीला त्यात १५ टक्के सूट आहे, ती आपल्या कामाची नाही. म्हणजे माझ्या बिलातले ३,४१६ आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, ही रक्कम गाडी वर्षभर झाकून ठेवली तरी सुटत नाही. ओडीचा हप्ता होता ३,३०० च्या आसपास. त्यावर २० टक्के सूट, म्हणजे जीएसटी धरून पावणेआठशे रुपये. मोठ्या गाडीवाल्याला हाच आकडा बराच मोठा दिसेल, कारण त्याचा ओडी मोठा. छोट्या, तीन-चार वर्षांच्या गाडीला या योजनेतून एवढंच मिळतं, हे आधी कोणी सांगत नाही.

तरी माझं बिल साडेनऊ हजारांवर आलं. उरलेले दीड हजार कुठून वाचले, ते सांगते.

शोरूमच्या कोटेशनात मी न मागितलेली बरीच मंडळी बसली होती. किल्ली हरवली तर, गाडीतलं सामान चोरीला गेलं तर, टायर फाटला तर, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर. यातलं शेवटचं गाडीच्या वाढीव वॉरंटीबरोबर आम्ही आधीच घेतलेलं आहे. शिवाय मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो सक्तीचा आहे हे बरोबर, पण तेवढ्या रकमेचा अपघात विमा तुमच्याकडे वेगळा असेल तर २०१९ पासून गाडीच्या पॉलिसीत तो पुन्हा घ्यावा लागत नाही. तसं फक्त लिहून द्यायचं. माझ्याकडे तो होता. घरात दोन गाड्या असतील तर दोन्हींच्या बिलात हा भरलेला नाही ना, तेवढं जरूर बघा.

हे सगळं काढायला सांगितलं तेव्हा शोरूमचा मुलगा म्हणाला, "मॅडम, विमा बाहेरून घेतलात तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही बरं का." यात तथ्य नाही. कॅशलेस होतं की नाही हे त्या वर्कशॉपचा विमा कंपनीशी करार आहे का, यावर ठरतं. पॉलिसी कोणाकडून घेतली यावर नाही. मी कंपनीच्या साइटवर वर्कशॉपची यादी काढली, तर त्याच शोरूमचं नाव त्यात होतं. त्याला दाखवलं. विषय संपला.

दोन गोष्टी मात्र ठेवल्या. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भागांचे पैसे देणारं कलम, ठेवलं, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आजकालच्या गाडीचा बंपर म्हणजे नुसतं प्लास्टिक. दुसरं, इंजिनचं संरक्षण. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते आमच्या घरापासून फार लांब नाही. पुरात गाडी बुडाली तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही भरपाई मिळते. पण पाण्यात उभ्या असलेल्या गाडीला स्टार्टर मारला, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि ते जाम झालं, तर कंपनी हात वर करते. ते नुकसान पुराचं नाही, तुम्ही चालू केल्यामुळे झालं, असा युक्तिवाद. पाचशे रुपयांसाठी तो वाद मला घालायचा नाही. नदीकाठी किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याने काटकसरीच्या नादात ही ओळ खोडू नये.

स्वस्तात विमा दाखवायची आणखी एक युक्ती सगळीकडे दिसली, ती म्हणजे आयडीव्ही खाली ओढणं. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर हातात पडणारी जास्तीत जास्त रक्कम. माझी साडेचार लाख निघत होती. एका कोटेशनात ती न विचारता चार लाख वीस हजार करून ठेवली होती आणि वर 'सर्वात स्वस्त' असा शिक्का. ३० हजारांनी आयडीव्ही घटवून हप्त्यात वाचत होते सव्वादोनशे रुपये. दोन कोटेशनं समोरासमोर ठेवताना आधी आयडीव्ही सारखी करा, नाहीतर त्या तुलनेला काही अर्थ नाही.

बारीकसारीक सवलतीही धुंडाळल्या. जुन्या दरपत्रकात एआरएआयने, म्हणजे वाहनं तपासणाऱ्या पुण्यातल्या संस्थेने, प्रमाणित केलेल्या चोरीविरोधी यंत्रावर ओडीच्या अडीच टक्के सूट आहे. एआरएआय आमच्या टेकडीवरच, म्हणून मोठ्या हौसेने हिशेब मांडला, तर आले ऐंशी रुपये! ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदांना पाच टक्के, तेही कमाल दोनशे. नाद सोडला.

वर्षभरातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय किलोमीटरचा नव्हताच. मार्चमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी मागचा बंपर घासून गेलं. सीसीटीव्हीत काही दिसलं नाही. गॅरेजवाल्याने साडेतीन हजार सांगितले आणि वर म्हणाला, "ताई, झिरो डेप आहे ना, क्लेम टाका की." टाकला असता तर प्रत्येक क्लेममधून सक्तीने कापले जाणारे एक हजार जाऊन अडीच हजार मिळाले असते. पण माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीवर मिळणारी सूट, आत्ता ३५ टक्के आहे, यंदा क्लेम नसेल तर ४५ होतो आणि पुढच्या वर्षी ५०, तिथे तो थांबतो. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला शून्य, मग पुन्हा २०, २५, ३५ अशी चढण. ओडीचा मूळ हप्ता साडेचार हजार धरला तर ४५ टक्के म्हणजे पहिल्याच वर्षी दोन हजार गेले, पुढच्या दोन वर्षांत मिळून आणखी तितकेच, वर जीएसटी. अडीच हजार मिळवण्यासाठी चार हजारांवर पाणी सोडायचं? गॅरेजवाल्याला रोख दिले. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकून नवी घेतली तर तो नव्या गाडीवर नेता येतो. फक्त पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत रिन्यू केली नाही, तर तो बुडतो.

आता किलोमीटरच्या योजनेतली खरी कटकट. पहिले सहा महिने मीटरकडे कोणी बघितलंही नाही. दिवाळीत कोल्हापूर झालं, मे महिन्यात गुहागर. जूनपासून मात्र घरात रेशन सुरू झालं. "आज गाडी कशाला, रिक्षाने जाऊ" हे वाक्य नवऱ्याच्या तोंडी इतकं बसलं की रिक्षाचे पैसे वाचलेल्या पावणेआठशेच्या पुढे कधी गेले ते त्याने मोजलं नाही. मी मोजलं. आता गणपती तोंडावर आहेत, गुहागरला जाऊन-येऊन पाचशेच्या वर होतात आणि हातात तेवढे उरलेले नाहीत.

माझ्या पॉलिसीत मर्यादा ओलांडली तर थर्ड पार्टी चालू राहते, पण ओडीचा क्लेम अडचणीत येतो. किलोमीटर संपायच्या आधीच टॉप-अप, म्हणजे पैसे भरून जादा किलोमीटर, घ्यायचा, अपघात झाल्यावर नाही. अॅपवर शिल्लक दिसते ती तुम्ही शेवटचा फोटो टाकला तेव्हाची. आपोआप काही कमी होत नाही. टॉप-अपबद्दल विचारायला हेल्पलाइनला फोन केला, तर दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळे दर सांगितले. शेवटी ईमेलवर लेखी घेतलं आणि मगच पैसे भरले. त्या टॉप-अपमध्येच मूळ सवलतीतला निम्मा भाग गेला.

वर्षाला पाच-सहा हजारांच्या आतच गाडी फिरते, घरी दुसरं वाहन आहे आणि गाडी मोठ्या इंजिनाची किंवा नवी आहे, अशा माणसाने ही योजना बिनधास्त घ्यावी. आमच्यासारख्या काठावरच्या लोकांनी जास्त किलोमीटरची वरची पायरी घ्यावी किंवा साधीच पॉलिसी बरी. ऑक्टोबरात मी साधी घेणार आहे, झिरो डेप आणि इंजिनसकट, ४५ टक्के बोनस लावून. सोबत अडीच हजारांच्या ऐच्छिक कपातीचा, म्हणजे क्लेममधले तेवढे पैसे स्वतः सोसण्याचा, पर्यायही यंदा घेईन म्हणते. लहानसहान क्लेम आपण टाकतच नाही, मग ती कपात फक्त मोठ्या अपघातात लागेल, आणि चारेकशे रुपये दरवर्षी कमी होतील. कोटेशन मागवलीत. शोरूमचा फोनही येऊन गेला, किल्लीचा विमा यंदाही यादीत आहे.