ज्योतिष शिकायचंय: क्लास लावावा की आपलं आपण शिकावं?

नेरूळच्या भाचीने गेल्या महिन्यात विचारलं, "मामा, मला पत्रिका बघायला शिकायचंय. क्लास लावू, की पुस्तकं आणि सॉफ्टवेअर घेऊन घरीच बसू?" मी दोन्ही केलंय. आधी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घरगुती क्लासला दोन वर्षं, दर रविवारी सकाळी, आणि मग चार वर्षं एकट्याने. फोनवर तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढतोय. तिच्यासारखं आणखी कुणी ठरवत असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

क्लासमध्ये काय मिळतं ते आधी. माझ्या आत्याचा जन्म ठाण्यातला, १९४४ च्या जूनचा पहिला आठवडा. आजोबांनी वहीत टिपलं होतं, "सकाळी ७ वाजून १० मिनिटे, स्टेशनचे घड्याळ." मी मिथुन लग्नाची, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला मिथुन रास उगवत असल्याची, कुंडली मांडून नेली. सरांनी साल बघितलं आणि पेन्सिलीने सरळ रेघ मारली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे देशभरातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. तो तास वजा केला तर लग्न वृषभ आलं, बाराही भाव, म्हणजे कुंडलीतली स्थानं, सरकले. सर म्हणाले, स्टेशनचं घड्याळ लिहिलंय म्हणून सुटलास. घरचं घड्याळ असतं तर ते मुंबई टाइमचं की स्टँडर्ड टाइमचं, हे आधी शोधावं लागलं असतं. १९०६ मध्ये स्टँडर्ड टाइम आला, तरी मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत चालू होती आणि दोहोंत ३९ मिनिटांचा फरक होता. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे जातं, तेव्हा ३९ मिनिटं म्हणजे जवळजवळ दहा अंश.

हे मला कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पन्नास पानांत सापडलं नसतं. पन्नासएक वर्षं हाताने पत्रिका मांडलेल्या माणसाशेजारी बसल्यावर अशा गोष्टी कळतात. गणित, पंचांग वाचणं, जन्मवेळेवर आधी शंका घेणं, यासाठी क्लासला तोड नाही. फी आणि प्रवास हे मुद्दे मला गौण वाटतात. ट्रान्स हार्बरने नेरूळहून ठाण्याला येणं काही अवघड नाही.

अडचण फलिताला, म्हणजे पत्रिकेवरून भाकीत सांगायला, सुरुवात झाली की येते. मंगळाचा धडा चालू होता. १, ४, ७, ८, १२ यांपैकी कुठल्याही स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची. मी वहीच्या कोपऱ्यात हिशेब केला: बारांतली पाच स्थानं, म्हणजे शंभरातली साधारण ४२ माणसं. विचारलं, इतक्या लोकांचा संसार बिघडलेला दिसतो का? सर म्हणाले, "ऋषींनी लिहिलंय. शंका घ्यायची तर इथे यायचं नाही." त्याच महिन्यात वर्गातल्या एका मुलीचं ठरत आलेलं स्थळ मंगळामुळे मोडलं. ती पुढच्या रविवारी आली, शेवटच्या खुर्चीवर बसली आणि तासभर नुसती वही उघडी ठेवून होती. मला ते आजही विसरता येत नाही.

पुढे स्वतः वाचायला लागल्यावर कळलं, की ज्यांच्या नावाने आम्हाला गप्प केलं जात होतं ते स्वतः गप्प बसणारे नव्हतेच. वराहमिहिर सहाव्या शतकातला. आपल्या बृहज्जातक ग्रंथाच्या आयुर्दाय (आयुष्य किती, या) अध्यायात तो मय, यवन, मणित्थ या आधीच्या आचार्यांची मतं मांडतो आणि खोडतोही. ज्या योगावर पूर्ण आयुष्य सांगितलंय त्याच योगावर काहींनी चक्रवर्तीपण सांगितलं, यावर त्याचा आक्षेप अगदी साधा आहे: पैसा नसतानाही माणसं पूर्ण आयुष्य जगतात, हा दोष प्रत्यक्ष दिसतो. समोरच्या माणसाकडे बघून नियम तपासणं हेही परंपरेतच आहे. क्लासमध्ये तेवढं शिकवत नाहीत.

अयनांशांचंही, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची याच्या अंशांचंही, तसंच. सर सांगायचे, "आपलं चित्रापक्ष." का, ते नाही. एकट्याने वाचताना पंचांगगणिती केतकरांचा चित्रापक्ष (चित्रा तारा धरून मोजणारा) आणि टिळक पंचांगाचा रैवतपक्ष (रेवती तारा धरून मोजणारा) यांचा वाद समजला. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे चार अंश हा त्याचा ३० टक्के भाग. माझा चंद्र पूर्वा फाल्गुनीत, म्हणजे जन्मदशा (जन्मावेळी चालू असलेला ग्रहाचा काळ, महादशा) शुक्राची, २० वर्षांची. पंचांग बदललं की माझी प्रत्येक महादशा सहा वर्षं पुढेमागे होते!

पण याच ठिकाणी एकट्याने शिकण्याचा खरा धोका आहे, आणि तो मी अनुभवलाय. माझं लग्न ज्या वर्षी झालं ते वर्ष मी चित्रापक्षाने सिद्ध केलं, रैवताने केलं आणि कृष्णमूर्ती या तिसऱ्या पद्धतीनेही केलं. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की अयनांश बदलतात, वर्गकुंडल्या (राशीचे भाग पाडून केलेल्या उपकुंडल्या) उघडतात, नेहमीची विंशोत्तरी दशा जमली नाही तर दुसरी दशा हजर. झालेली घटना मागून कशीही जुळवता येते. अडवणारं कुणी नसतं आणि आपल्याला वाटतं, आपण स्वतंत्र विचार करतोय. सरांची भीती होती तेव्हा निदान मी एक पद्धत धरून बसत होतो.

यावर मला एकच उपाय सापडला. दोनशे पानी वही. डाव्या पानावर भाकीत, तारीख घालून, घटनेच्या आधी. उजवं पान कोरं, प्रत्यक्ष काय घडलं ते नंतर लिहायला. "प्रवास घडेल" किंवा "मानसिक अस्वस्थता संभवते" असलं काही लिहायचं नाही. रोज ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाला प्रवास घडणारच. पहिली वही भरली तेव्हा बरोबर आलेली भाकितं निम्म्याहून कमी होती. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात घेतलेली चाचणी त्यानंतर मी पुन्हा वाचली. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं आणि अभ्यासात हुशार मुलं, अशा पत्रिका वेगळ्या करायच्या होत्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी ५० येतात. क्लासमध्ये हा विषय निघाला होता तेव्हा "ते खरे ज्योतिषी नव्हते" एवढ्यावर मिटला होता. मला आता तसं मिटवता येत नाही. शिकणाऱ्याने हे आकडे पहिल्या दिवशीच वाचावेत, शेवटच्या दिवशी नव्हे.

तेव्हा भाचीला माझं सांगणं असं: गणितासाठी वर्षभर क्लास लाव, स्वतःच्या भरवशावर पहिली पत्रिका मांडू नकोस. क्लास ठरवण्याआधी एक दिवस नुसती बसून बघ. तुम्ही कुठले अयनांश वापरता आणि का, हे विचार. तुमचं चुकलेलं एखादं भाकीत सांगाल का, हेही विचार. दुसऱ्या प्रश्नावर जे चिडतील त्यांच्याकडे फलित शिकू नकोस, गणित मात्र खुशाल शीक. आणि लोकांना सांगायचं असेल, विशेषतः लग्न किंवा आजारपण, तर वहीची दोन्ही पानं भरल्याशिवाय तोंड उघडू नकोस.

गेल्या रविवारी ती वही घेऊन घरी आली. पहिली नोंद माझ्याच पत्रिकेची केली आहे: मार्चच्या आत नोकरीत बदली. तारीख घातली आहे, खाली सही केली आहे. उजवं पान कोरं आहे.