सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर : टायमर टिकटिकतो, तरी कपडे ओलेच

सात किलोचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन घेताना दुकानात सगळी चौकशी धुण्याच्या टबाची होते. घरी आल्यावर तक्रार मात्र शेजारच्या छोट्या टबाची, म्हणजे ड्रायरची निघते, आणि ती बहुतेक एकाच वाक्यात सांगितली जाते : टायमर बिघडला. हे परीक्षण त्या ड्रायरचंच आहे. कंपनी कोणतीही असो, आतली रचना जवळपास सारखीच असते.

आमचं मत आधीच सांगतो. खेड्यातल्या घरासाठी हाच ड्रायर योग्य. गरम हवेचा टंबल ड्रायर दोन हजार वॅटच्या आसपास वीज ओढतो आणि उन्हाळ्यात त्याला कामच नसतं. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की दोरीवरचं धोतर बघता बघता कडक होतं. अडचण येते ती जुलै ते सप्टेंबर, झड लागते तेव्हा. त्या दिवसांतही चांगले पिळलेले कपडे ओसरीत पंख्याखाली टाकले तर बहुतेक सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. हा ड्रायर कपडे वाळवत नाही, पिळतो. आत हीटर नाही. कपडे दमट निघणं हा बिघाड नाही. हाताने पिळल्यावर पाण्याची धार निघाली तर तो बिघाड.

आता टायमर. ड्रायरचा टायमर पाच मिनिटांचा असतो आणि त्याला चालायला वीज लागत नाही. नॉब फिरवला की आतली स्प्रिंग भरते, दातेरी चाकं ती सावकाश सोडतात आणि शून्यावर आल्यावर एक संपर्क उघडून मोटार बंद होते. म्हणजे हा वेळेवर बंद होणारा एक साधा स्विच आहे. लाइन गेली तरी तो टिकटिकत राहतो, झाकण अर्धवट उघडं असलं तरी टिकटिकत राहतो. पाच मिनिटं भरली म्हणजे ड्रायर पाच मिनिटं फिरला असं होत नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ आम्हाला इथेच दिसतं. लाइन गेली तर टबात हात घालायच्या आधी प्लग काढा, कारण वेळ शिल्लक असताना लाइन परत आली आणि झाकण लागलेलं असलं तर टब आपोआप फिरू लागतो.

टायमर खरंच खराब आहे का, हे घड्याळ लावून बघा. नॉब पाचवर नेऊन सोडा. पावणेपाच किंवा सव्वापाच मिनिटं लागली तर टायमर ठीक आहे. तीन मिनिटांतच शून्यावर आला, किंवा मध्येच अडकून बसला, तर आतली चाकं झिजली आहेत. शून्यावर येऊनही मोटार थांबत नसेल तर संपर्क जळून चिकटलेत. असं मशीन बदल होईपर्यंत वापरू नका. पक्की खात्री करायची तर प्लग काढा, वरच्या पट्टीचे स्क्रू खोला, ड्रायरच्या टायमरच्या दोन वायरी सोडवा आणि मल्टिमीटर लावा. शून्यावर संपर्क तुटलेला आणि एक ते पाचमध्ये कुठेही जुळलेला दिसला पाहिजे. नवा टायमर काही शे रुपयांत मिळतो. घेताना जुना सोबत न्या, दांड्याची लांबी आणि खाच जुळली पाहिजे. पुष्कळदा टायमर चांगलाच असतो, फक्त नॉबचं प्लास्टिकचं भोक झिजून तो दांड्यावर नुसता फिरतो. तेव्हा नॉबच बदला. तेल मात्र सोडू नका, ते संपर्कांवर उतरून जळतं. नॉब उलटा जोर लावून शून्यावर आणणं हीसुद्धा टायमर मारायची खात्रीची रीत आहे.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत, नॉब काढून बघितला तर दांड्याभोवती क्षाराचं पांढरं कडं बसलेलं दिसतं. ओल्या हाताने नॉब फिरवल्याने पाणी उतरतं आणि वाळून क्षार मागे राहतो. कोरड्या फडक्याने अधूनमधून पुसलं तर हा त्रास होत नाही.

टायमर बरोबर असूनही कपडे ओले, तर मोटार काय करते ते ऐका. काहीच आवाज नसेल तर आधी झाकण बघा. झाकणाखाली एक छोटा स्विच असतो आणि झाकण पूर्ण बसल्याशिवाय तो जुळत नाही. झाकण बिजागरीजवळ दाबल्यावर मोटार सुरू झाली तर स्विचची पट्टी वाकली आहे किंवा झाकणाचा दांडा तुटला आहे. स्विचला कायमचा तार-जोड देऊन ड्रायर उघडा चालवणारे मिस्त्री आहेत. तसं करू देऊ नका. मिनिटाला १३०० ते १४०० फेरे घेणाऱ्या टबात लेकराचा हात किंवा ओढणीचं टोक गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही.

मोटार गुरगुरते पण टब फिरत नाही, असं झालं तर प्लग काढून टब हाताने फिरवा. मोकळा फिरला तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे मोटार सुरू व्हायला मदत करणाऱ्या डबीवर. बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही मोटारींचा एकच डबा असतो आणि त्यावर १० + ५ मायक्रोफॅरड असे दोन आकडे छापलेले असतात. लहान आकडा ड्रायरचा. तुमच्या डब्यावर जे छापलं असेल तेच मूल्य आणि तितकेच किंवा जास्त व्होल्ट घ्या. ‘मोठा टाकला की जोरात फिरेल’ हा सल्ला मोटार जाळतो. हात लावण्याआधी बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरी कंडेन्सरच्या टोकांना टेकवून साठलेली वीज उतरवा. मल्टिमीटरवर मूल्य छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली आलं असेल तर बदलून टाका.

टब हातानेही जड फिरत असेल तर एकतर पायमोजा, हातरुमाल किंवा झबलं आतल्या-बाहेरच्या टबांच्या फटीत गेलं आहे, नाहीतर ब्रेक घासतोय. ब्रेककडे लक्षच जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. झाकण उघडलं की ब्रेकची पट्टी मोटारीवरच्या चकतीला टेकते. झाकण लावलं की एक तार ती पट्टी मागे ओढते. ही तार वापराने सैल पडते आणि पट्टी पूर्ण सुटत नाही. मागचं पॅनल काढून बॅटरी मारा : चकतीवर एका बाजूला आरशासारखा चकाकणारा पट्टा आणि खाली काळी भुकटी दिसली तर हेच कारण. टब फिरतो पण वेग धरत नाही, रबर जळाल्याचा वास येतो, कपडे ओले राहतात आणि दोष टायमरला मिळतो. झाकण लावलेलं असताना पट्टी आणि चकती यांत एक-दोन मिलिमीटर फट राहील इतकी तार ताणून घ्या. झाकण उघडल्यावर टब दहा-पंधरा सेकंदांत थांबला पाहिजे. त्याहून वेळ लागला तर उलट तक्रार आहे, पट्टी झिजली.

ड्रायरच्या मोटारीला बेल्ट नसतो, ती थेट टबाच्या दांड्याला जोडलेली असते. बेल्ट धुण्याच्या बाजूला. ‘ड्रायरचा बेल्ट बदलला’ असं बिल कोणी दिलं तर जुना बेल्ट कुठून काढला ते विचारा.

सगळं ठीक असूनही वेग कमी असेल तर व्होल्टेज मोजा. या मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो : २३० च्या जागी १७० व्होल्ट आले तर साधारण ५५ टक्के जोर उरतो. डीपीवर लोड असतो त्या संध्याकाळच्या वेळी ओल्या चादरी टाकल्या तर वेग धरण्यातच मिनिटं जातात. पहाटे किंवा दुपारी धुवा, नाहीतर एक केव्हीएचा स्टॅबिलायझर बसवा. या मशीनला तेवढा पुरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ड्रायर चालवू नका, मोटार तापते.

भरण्याची पद्धतही महत्त्वाची. मशीनवर सात किलो लिहिलेलं असलं तरी एका धुण्याचे कपडे ड्रायरमध्ये दोन खेपांतच टाका. जड कपडे खाली, सगळीकडे सारखे दाबून, वर जाळीचं झाकण. टब थडथडला तर लगेच बंद करून कपडे पुन्हा लावा. गोधडी यात टाकूच नका. टेरिकॉट आणि सिंथेटिक साडीला दीड-दोन मिनिटं पुरतात, सुती चादर-टॉवेलला चार-पाच. त्यापुढे फिरवून फारसं पाणी निघत नाही. निचऱ्याचा पाईप उंबऱ्यावरून उचलून बाहेर काढला असेल तर पाणी बाहेरच्या टबात साचतं आणि आतला टब त्यात घसटत फिरतो. पाईप जमिनीलगत उताराने न्या. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी वापरत असाल तर पावडर कमी करा. ते पाणी मऊ असतं, बोअरच्या मापाने पावडर टाकली तर फेस टबांमध्ये अडकून वेग खातो.

शेतातल्या कपड्यांची काळी माती आधी झटकून, खळबळून काढा. ती टबाखालच्या रबरी बेलोच्या, म्हणजे दांड्याभोवतीच्या घडीदार नळीच्या, सीलमध्ये बसली की दांडा झिजतो आणि पाणी थेट मोटारीवर ठिबकतं. मशीनखाली गंजट पाणी दिसलं तर बेलो लगेच बदला आणि तोवर मशीन लावू नका. अर्थिंग नसलेल्या घरात हाच बिघाड जिवावर बेतू शकतो.

या ड्रायरची खरी उणीव एकच : लाइन गेली किंवा झाकण सुटलं तर टायमर थांबत नाही, आणि कंपन्यांनी ते सुधारायला हवं. बाकी इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसल्यामुळे व्होल्टेजच्या झटक्याने जळण्यासारखं यात फारसं काही नाही आणि प्रत्येक भाग तालुक्याच्या बाजारात सुटा मिळतो. घेताना दोन गोष्टी बघा. ड्रायरची मोटार तांब्याच्या वाइंडिंगची आहे हे बिलावर लिहून घ्या. आणि मशीन आडवं करायला लावून खाली उंदराची जाळी आहे ना ते बघा; नसेल तर दुकानदाराकडूनच बसवून घ्या, कारण कापणीनंतर धान्य घरात आलं की उंदीर येतात आणि ते सगळ्यात आधी निचऱ्याचा पाईप आणि मोटारीच्या वायरी कुरतडतात.