स्मार्ट चष्मा: कॅमेऱ्याचा घ्यावा की पडद्याचा?

रे-बॅन मेटा (पहिली पिढी) आणि एक्सरिअल एअर २ दोन्ही ‘स्मार्ट’ म्हणून विकले जातात, पण कामं अगदी वेगळी.

रे-बॅन मेटात पडदा नाहीच. १२ मेगापिक्सेल कॅमेरा, काड्यांत स्पीकर, वजन सुमारे ५० ग्रॅम. दिवसभर घालण्याजोगा हाच. बॅटरी मात्र जेमतेम चार तास. मधे चार्जिंगच्या डबीत ठेवावाच लागतो. चार्जिंगचे संपर्कबिंदू चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या भागाखाली असतात. गोव्याच्या दमट हवेत तिथे घाम साचला की चार्जिंग अडतं, म्हणून डबीत ठेवण्याआधी कोरड्या कापडाने पुसा. पाण्यापासून बचावाचा दर्जा आयपीएक्स ४, म्हणजे शिंतोडे चालतील, मिरामारची लाट नाही. मांडवी पुलावर स्कूटर चालवताना वाऱ्यात फोनवरचं बोलणं नीट ऐकू येणार नाही. वेर्ण्यातल्या कारखान्यात कामाला असाल तर आधी सुरक्षा विभागाला विचारा. कॅमेरा दारावरच अडवला जाऊ शकतो.

एक्सरिअलचं गणित उलटं. डोळ्यांपुढे १०८० पी पडदा, कॅमेरा नाही, स्वतःची बॅटरीही नाही. वीज आणि चित्र दोन्ही यूएसबी-सी वायरीतून, त्यामुळे फोनची बॅटरी भराभर उतरते. खरी गोम इथेच: फोनच्या यूएसबी-सीतून डिस्प्लेपोर्ट, म्हणजे पडद्यासाठीचं चित्र, बाहेर पडायला हवं. अनेक मध्यम किमतीच्या फोनांत ते नसतं, मग त्याच पोर्टातून चार्जरवर फोन चार्ज होतो, पण चष्मा जोडला की काळोख! लॅपटॉपला जोडून गोवा-मुंबई रेल्वेप्रवासात एक्सेल उघडायला उत्तम; चालताना घालू नका.

नंबर असेल तर रे-बॅनमध्ये थेट काच बसते, एक्सरिअलला आत वेगळी चौकट लागते.