मूलाधारासाठी ‘लं’चा जप की अनवाणी चाल?

पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटू लागलं की मूलाधाराकडे लक्ष द्यावं, असं साधक सांगतात. योगात शरीरात जी ऊर्जाकेंद्रं, म्हणजे चक्रं मानतात, त्यातलं हे कण्याच्या तळाशी. त्याच्या कमळाच्या पाकळ्या ४, तत्त्व पृथ्वी, बीजमंत्र ‘लं’.

जपाला एक घोंगडी पुरते. पण मन सैरभैर असताना डोळे मिटले की काळज्याच समोर उभ्या राहतात, निदान माझ्या तरी.

खानापूरकडच्या आमच्या शेतात भातकापणीनंतर सकाळी अनवाणी चालते, तेव्हा दवानं भिजलेली लाल माती टाचेला चिकटते, धसकट टोचतं आणि लक्ष आपोआप पावलांत उतरतं. म्हणून आधी चाल, मग जप. मधुमेहानं पाय बधिर असतील तर मात्र चप्पल घालाच. आणि भीती, निद्रानाश आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.